उडती गाडी साताऱ्याच्या हवेत किती मिनिटं टिकेल? हिशेब असा करा

माहितीपत्रकातला फोटो बाजूला ठेवा आणि चार आकडे मागा: माणसासकट एकूण वजन, पंखे किती, त्यांचा व्यास, आणि बॅटरी किती युनिटांची (लाइट बिलातलंच युनिट). हे द्यायला टाळाटाळ झाली, तर बुकिंगचं नाव काढू नका.

समजा वजन ६०० किलो, दीड मीटर व्यासाचे ८ पंखे, बॅटरी ३० युनिट. वजनाला ९.८१ ने गुणा: ५,८८६ न्यूटन. पंख्यांचं क्षेत्रफळ ३.१४ × ०.७५ × ०.७५ × ८, म्हणजे १४.१ चौरस मीटर. आता हवेची घनता. समुद्रसपाटीचा पुस्तकी आकडा घनमीटरला १.२२५ किलो, सातारा सुमारे ७०० मीटरवर, एप्रिलच्या ३५ अंशांत १.०५ धरा. इथेच ८ टक्के ताकद जास्त लागते. न्यूटनमधल्या वजनाला (२ × घनता × क्षेत्रफळ) ने भागून वर्गमूळ काढा. योगायोगानं पुन्हा १४.१ येतं: पंख्यातून हवा सेकंदाला इतके मीटर वेगानं खाली जाते. गुणिले ५,८८६, म्हणजे ८३ किलोवॅट. पाती, मोटर, कंट्रोलर मिळून तिसरा हिस्सा खातात, ०.६५ ने भागा, १२८.

बॅटरीतली ८० टक्केच मोजा. तळाला गेली की व्होल्टेज ऐन उतरताना कोसळतं. २४ युनिट भागिले १२८: सव्वाअकरा मिनिटं. पाच राखीव ठेवली की उरतात सहा. ताशी १०० च्या वेगानं दहा किलोमीटर. वाई सरळ रेषेतही तिप्पट लांब.

स्थिर पंख लावले तर पुढे जाताना चौथ्या हिश्शाच्या आसपास ताकद पुरते, पण मग गाडी रस्त्यावर मावत नाही. १९४९ साली उडालेल्या मोल्टन टेलर यांच्या एरोकारला पंख ट्रेलरसारखे मागे ओढावे लागत. बनल्या अवघ्या सहा. २०२२ साली स्लोव्हाकियात प्रमाणपत्र मिळालेल्या एअरकारचे पंख दुमडतात, तरी धावपट्टी लागतेच.

एक मोटर गेली तर? तोल राखायला समोरचीही जवळपास बंद करावी लागते आणि भार सहांवर येतो. प्रत्येकीवरचा भार तिसऱ्या हिश्शानं वाढतो, पण ताकद दीडपट लागते. म्हणजे एरवी १६ किलोवॅट देणारी मोटर वेळेला २५ देणारी हवी. छोट्या, ठरीव कोनाच्या पात्यांना हेलिकॉप्टरसारखं नुसत्या वाऱ्यावर फिरत उतरता येत नाही.

उतरायची जागाही बघून ठेवा. पंख्याखालचा झोत पुढे दुप्पट होतो, ताशी शंभराच्या घरात. गोठ्याचे सैल पत्रे आणि अंगणात वाळत घातलेली हळद तिथे नको.