वेब डिझाइन शिकताना रंग नंतर, मजकूर आधी

नव्याने शिकणाऱ्याला मी सुरुवातीला रंगांना हातच लावू देत नाही. नोटपॅडमध्ये एक शीर्षक, दोन परिच्छेद आणि एक लिंक एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर आणि रचना लिहायची भाषा) लिहा, फाइल ब्राउझरमध्ये उघडा. पान ओकंबोकं दिसेल, दिसू द्या. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची १९९१ सालची पहिली वेबसाइटही नुसता मजकूर आणि लिंका एवढीच होती.

मग सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणारी भाषा. इथे खरा वेळ द्या तो बॉक्स मॉडेलला, कारण पानावरची प्रत्येक गोष्ट ही एक चौकटच असते. रुंदी ३०० पिक्सेल, चारही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कड यांच्यामधली मोकळी जागा) आणि १ पिक्सेलची बॉर्डर (कडेची रेघ) दिली, की चौकट प्रत्यक्षात ३४२ पिक्सेल जागा खाते. नवशिक्यांची निम्मी डोकेदुखी इथेच! सीएसएसमधल्या बॉक्स-सायझिंग या गुणधर्माला बॉर्डर-बॉक्स ही किंमत द्या, म्हणजे सगळं त्या ३०० मध्येच बसतं. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून इन्स्पेक्टरमध्ये (पानामागचा कोड दाखवणारी खिडकी) हे आकडे बदलून पाहा.

मराठी मजकुराची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडले की वाचणारा कंटाळतो, आणि हे मला फार खुपतं. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा, फिकट राखाडी अक्षरांचा मोह टाळा.

मोबाइलसाठी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान स्क्रीनच्या रुंदीत बसवायला सांगणारी एचटीएमएलची ओळ) विसरू नका. फ्लेक्सबॉक्स, म्हणजे चौकटी ओळीत किंवा रांगेत मांडायची सीएसएसची पद्धत, त्यानंतर. तयार फ्रेमवर्कच्या (आधीच लिहून ठेवलेल्या कोडचा संच) नादी इतक्यात लागू नका.