दिवाळीची सुट्टी संपवून हॉस्टेलला परत जाताय? मग हे आधी वाचा

चार वर्षं लातूर-पुणे केलंय, दर दिवाळीला गेलो आणि दर दिवाळीला रडवेला होऊन परत आलो, त्यामुळे पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या पोरापोरींसाठी मनापासून लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉलेज सोमवारी उघडणार असेल तर रविवारी रात्रीच्या गाडीने निघू नका. घरी एक दिवस जास्त मिळतो असं वाटतं, पण तो रविवार तसाही बॅग भरण्यातच जातो आणि सकाळी उरुळी कांचनपासूनच ट्रॅफिक लागलं की हडपसरला उतरेपर्यंत पहिलं लेक्चर गेलेलं असतं. शनिवारी रात्री निघा, रविवारी सकाळी पोचा, हा एक मोकळा दिवस मिळाला की पुढचा अख्खा आठवडा सोपा जातो, हे मी तीन वर्षं चुकून मग शिकलो.

घरी जायचं तिकीट काढतानाच परतीचंही काढून ठेवा. भाऊबीजेनंतर एसटीला उभं राहायलाही जागा नसते आणि ट्रॅव्हल्सवाले रेट दुप्पट करतात. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं म्हणजे गणपतीच्या आसपासच परतीचं बघायला लागतं. ते हुकलं तर तत्काळ, आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला सुरू होतं, आयआरसीटीसीला आधार आधीच जोडून ठेवा नाहीतर ऐनवेळी अडकाल. मुलींना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे त्यांनी आधी एसटीचंच रिझर्वेशन बघावं.

आता फराळ. आई सगळंच भरून देते आणि नाही म्हणवत नाही, पण नीट सांगून घ्या. ओल्या नारळाचे लाडू, करंज्या दोन-तीन दिवसांत संपवायच्या, त्या रूमवर पोचल्या त्याच रात्री सगळ्यांना वाटून टाका. शंकरपाळे सगळ्यात जास्त टिकतात, ते जास्त घ्या, परीक्षेच्या रात्री तेच कामाला येतात. चिवडा-चकली प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, नाहीतर चार दिवसांत मऊ पडतं. आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधून घ्या, कारण पहिल्या दिवशी मेस बंद असते, मावशी पण गावाला गेलेल्या असतात. मी पहिल्या वर्षी हे विसरलो आणि अख्खा दिवस बिस्किटांवर काढला.

रूम उघडली की आधी खिडक्या उघडा, गादी गच्चीत उन्हात टाका, पंधरा दिवस बंद खोलीत तिला कुबट वास धरतो. बादलीत राहिलेलं पाणी ओतून द्या, त्यात डासांच्या अळ्या होतात आणि पुण्यात दिवाळीच्या सुमारास डेंग्यूचे पेशंट असतातच. मग झोपा, दोन तास तरी.

संध्याकाळी उठून एकच काम करा, वर्गातल्या ज्या पोरीचं किंवा पोराचं जर्नल (प्रॅक्टिकलची वही) कायम पूर्ण असतं तिला/त्याला फोन करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका, तिथे शंभर मेसेज येतात आणि निम्मे चुकीचे असतात. तीन गोष्टी विचारा, कुठल्या विषयाचं सबमिशन कधी, किती प्रॅक्टिकलवर सह्या झाल्यात, आणि डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे अटेंडन्स कमी असलेल्यांची यादी, लागलीय का. दिवाळीनंतर सेमिस्टरचे थोडेच दिवस उरतात आणि सबमिशन, ओरल, पेपर सगळं एकामागे एक येतं. अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर पहिल्याच दिवशी स्वतःहून सरांना जाऊन भेटा, आजारी होतात तर डॉक्टरांचा कागद घरूनच घेऊन या, नंतर कुरियरने मागवण्यात आठवडा जातो. सरांना पण सुट्टीनंतर पहिल्या दोन दिवसांत जरा वेळ असतो, शेवटच्या आठवड्यात केबिनबाहेर रांग लागते आणि तेव्हा कुणाचंच नीट ऐकून घेतलं जात नाही. जर्नल लिहायचं राहिलेलं असेल तर रोज दोन राइटअप, म्हणजे दोन प्रॅक्टिकलचं लिखाण, पूर्ण करा, एका रात्रीत बारा लिहून हात आखडतो आणि ओरलला त्यातलं काही आठवत नाही.

आणि हो, पहिल्या रात्री पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, घरचा आवाज नसतो, ट्यूबलाइट पण वेगळी वाटते. होऊ द्या. रडू आलं तर येऊ द्या, तुमचा रूममेटही तोंड फिरवून तेच करत असतो बहुतेक. अशा वेळी एकटं पडून मोबाईल बघत बसू नका, डबा उघडा आणि शेजारच्या रूमचं दार वाजवा. आमच्या मजल्यावर अकोल्याचा, जळगावचा, रत्नागिरीचा असे सगळ्यांचे डबे एका वर्तमानपत्रावर उघडायचो, कुणाच्या अनारशात जाळी नीट पडलीय यावर भांडणं व्हायची, आणि घरी फोन लावून आईला सांगायचो की तुझ्या चकल्या सगळ्यात आधी संपल्या.