आपल्याच एरियातले फोटो काढताय? मग या चुका टाळा

उपनगरातल्या फोटोंची खरी अडचण सांगू का, तिथल्या बघण्यासारख्या गोष्टी कधी एकट्या सापडतच नाहीत. क्लॉक टॉवरच्या पुढ्यात वायरी, पुतळ्याच्या मागे होर्डिंग, तलावाच्या काठाला गाड्यांची रांग. आणि आपण काय करतो, तर जिथून ती गोष्ट पहिल्यांदा दिसली तिथेच थांबतो, मोबाईल वर करतो आणि क्लिक. फोटो इथेच बिघडतो, त्यात फोनचा काही दोष नसतो, त्यामुळे नवीन फोन बघायच्या आधी त्या टॉवरभोवती एक चक्कर मारा, कुठून तरी वायर झाडाच्या फांद्यांमागे लपते, कुठून तरी होर्डिंग खांबाआड जातं. नंतर एआयने खोडू म्हणाल तर मोकळ्या आभाळातली वायर निघते छान, पण तीच वायर विटांच्या भिंतीवरून किंवा जाळीवरून गेली असेल तर तिथे असा काही लगदा होतो की वायरच बरी होती असं वाटतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मागे पडणारी इमारत. टॉवर उंच, आपण पायथ्याशी, मग फोन वर तिरका करावा लागतो आणि उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. त्यात अख्खा टॉवर मावावा म्हणून ०.५एक्स लावला की संपलंच, कारण ही लेन्स साधारण १३ मिलिमीटरची, म्हणजे खूप रुंद दृश्य पकडणारी, त्यात जवळचा पाया अवाढव्य आणि वरचं घड्याळ शर्टाच्या बटणाएवढं. उपाय सोपा आहे पण पाय हलवावे लागतात: जागा असेल तितकं मागे जा, २एक्स लावा (म्हणजे ५० मिलिमीटरच्या आसपास), ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) ऑन करा आणि फोन अगदी सरळ उभा धरा, तिरका नको. खाली बराच रस्ता येईल, येऊ द्या, नंतर क्रॉप होतो. समोरच्या फुटओव्हर ब्रिजवर किंवा जिन्याच्या पहिल्या लँडिंगवर जाता आलं तर फोन वर करायची वेळच येत नाही. मागे जायला जागाच नसेल तर एडिटिंगमध्ये पर्स्पेक्टिव्ह सरळ करता येतं, फक्त त्यात कडा कापल्या जातात म्हणून काढतानाच चारही बाजूंनी मोकळी जागा सोडायची, नाहीतर टॉवर सरळ होतो आणि कळस गायब!

वेळेचं पण तसंच. सकाळी लवकर उठा, गोल्डन अवर (सूर्योदयाजवळचा सोनेरी उजेड) गाठा असं सगळे सांगतात, पण इमारतीचं तोंड पश्चिमेला असेल तर सकाळी तिची दर्शनी बाजू सावलीत आणि मागे आभाळ पांढरंफटक, मग उठून उपयोग काय. आधी कंपास बघा. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळ, पश्चिमेकडे असेल तर संध्याकाळ, आणि दिवसभर सावलीतच राहणाऱ्या भिंतीसाठी ढगाळ दिवस बरा. तलावात प्रतिबिंब हवं असेल तर मात्र पहाटच, वारा पडलेला असतो तेव्हा. तिथे पोलरायझर फिल्टर लावणारे चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह घेऊन उभे असतात, अहो तो फिल्टर पाण्यावरची चमकच कमी करतो, शेवटपर्यंत फिरवला की प्रतिबिंबही पुसट होणार ना.

रात्रीचे फोटो. घड्याळाची तबकडी पांढरा गोळा दिसत असेल तर तबकडीवर टॅप करून ब्राइटनेसचा स्लायडर खाली ओढा, बाकी अंधार झाला तरी चालेल, आकडे दिसले पाहिजेत. त्याहून सोपं म्हणजे काळोख व्हायची वाटच न बघणं, सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आभाळ निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात. दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर फोन खराब नाही, ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंद करून बघा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० किंवा १/६०.

आणि तो पाण्याच्या टाकीमागचा मोठ्ठा चंद्र! टाकीच्या खाली उभं राहून तो कधीच मिळणार नाही. चंद्र आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो आणि आपण मागे गेलो तरी तेवढाच राहतो, लहान दिसत जाते ती टाकी, ३० मीटर उंचीची टाकी त्याच्याएवढी दिसायला साधारण सव्वातीन किलोमीटर लांब जावं लागतं. वस्तीत एवढी मोकळी नजर कुठे मिळणार, त्यामुळे एक किलोमीटरवर समाधान मानायचं, तिथून टाकी चंद्राच्या तिप्पट-साडेतिप्पट दिसते, तीही फ्रेम झकास येते, पण लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी, मोबाईलचा डिजिटल झूम इथे कामाचा नाही.

बाकी किरकोळ: दिव्यांना लांब रेघा फुटत असतील तर बहुतेक लेन्सवर बोटांचे डाग असतात, पुसा. लोकांच्या खिडक्या, खेळणारी पोरं, गाड्यांच्या नंबरप्लेट फ्रेममध्ये आल्यात का ते फोटो सोशल मीडियावर टाकायच्या आधी झूम करून बघा, आणि फोटो स्वतःच्या घराच्या गॅलरीत उभं राहून काढला असेल तर लोकेशन टॅग आधी काढून टाका, नाहीतर टॉवरसोबत घरचा पत्ताही सगळ्यांना कळतो.