दुकानात सारखी लाईट जाते? इन्व्हर्टर घेण्याआधी हे बघा

लाईट गेली की आधी शटरबाहेर या. शेजारच्या दुकानात आहे का? जिन्यात? समोरच्या इमारतीत? फक्त तुमचीच गेली असेल तर दोष बहुधा तुमच्या बोर्डात किंवा मीटरपासून येणाऱ्या वायरीत आहे. अख्ख्या इमारतीची गेली तर मीटरची खोली, आणि गल्लीच अंधारात असेल तर कंपनीचा फॉल्ट. पंधरा दिवस वहीत लिहा: कधी गेली, कधी आली, आणखी कोणाची गेली, पाऊस होता का.

रोज संध्याकाळी एसी आणि फ्रीज एकत्र चालू असतानाच एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल, तर तो ओव्हरलोड आहे. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवून घेऊ नका. वायर जुनीच राहते, तापते, आणि पोटमाळ्यावर माल भरलेला असतो. बिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर वाढवून घ्या आणि वायरिंगही त्याप्रमाणे बदला.

ट्यूब अचानक डोळे दिपतील इतकी उजळते, थोड्या वेळाने पंखा मंद फिरतो, असं होत असेल तर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सैल असण्याची शक्यता मोठी. याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. २३० व्होल्टऐवजी ३०० च्या वर दाब येऊन बिलिंगचा कॉम्प्युटर जळू शकतो. मेन बंद करा, परवानाधारक वायरमन बोलवा. मीटरचं सील कोणालाही तोडू देऊ नका.

कंपनीचा फॉल्ट असेल तर तक्रार नोंदवा. मुंबईत शहर भागात मुख्यतः बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, काहींची टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला महावितरण; नंबर बिलावर असतो. तक्रार क्रमांक त्याच वहीत लिहा. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहे. तिथे ही वहीच तुमच्या बाजूने बोलते.

आता इन्व्हर्टर. चार एलईडी ट्यूब ८० वॉट, दोन पंखे १४०, कॉम्प्युटर १५०, वाय-फाय आणि कॅमेरे ४०: एकूण ४१० वॉट. इन्व्हर्टरची क्षमता व्हीएमध्ये (व्होल्ट-अँपिअर) मोजतात. पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी वॉट किती, ते प्रमाण) ०.८ धरून ५१३ व्हीए होतात, म्हणून थोडी जागा ठेवून ८०० ते ९०० व्हीएचा प्युअर साइन वेव्ह (लाईनच्या विजेसारखाच करंट देणारा) घ्या. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. हाती सुमारे १०००-११०० धरा, म्हणजे अडीच तास. लेझर झेरॉक्स मशीन यावर लावू नका. तिचा हीटर तापताना एकदम इतका लोड ओढतो की इन्व्हर्टर ट्रिप होतो. डीप फ्रीजरही नको. त्याचं झाकण बंद ठेवणं हाच उपाय.

लाईट असताना सगळं ठीक, पण इन्व्हर्टरवर गेल्याबरोबर आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) पडतो? बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. वायरमनकडून तो वेगळा करून घ्या.

बॅटरी हवेशीर जागी ठेवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. पाणी फक्त डिस्टिल्ड. हिंदमाता किंवा सायनच्या गांधी मार्केटसारख्या पाणी तुंबणाऱ्या भागात दुकान असेल तर बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही भिंतीवरच्या पक्क्या लोखंडी स्टँडवर, गेल्या पुराच्या खुणेपेक्षा फूटभर वर हवेत. पाणी उंबऱ्याला लागण्याआधीच, हात-पाय कोरडे असताना, मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनवर २३० व्होल्ट असतातच.