खुब्याचं ऑपरेशन आणि रात्रीचे दोन : भूलशास्त्राच्या नव्या रेसिडेंटसाठी

एमडी अ‍ॅनेस्थेशियाच्या पहिल्या वर्षी ब्लॉक (नर्व्हजवळ औषध सोडून तो भाग बधिर करणं) म्हणजे सुई नीट बसणं, एवढंच मला कळत होतं. स्क्रीनवर औषध पसरताना दिसलं, सीनियर 'छान' म्हणाले, लॉगबुकात नोंद झाली की काम झालं. ही समजूत एका आजींमुळे मोडली. तुमची त्याआधीच मोडावी म्हणून हे लिहितेय.

आजी न्हाणीत घसरल्या होत्या. उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं, पाय आखूड होऊन बाहेर वळला होता. बायपोलर, म्हणजे खुब्याचा कृत्रिम गोळा बसवायचं, ठरलं. स्पायनलच्या (पाठीतून द्यायच्या भुलीच्या) आधी मी फॅशिया इलियाका ब्लॉक दिला, म्हणजे जांघेतल्या स्नायूवरच्या पडद्याखाली औषध सोडलं. आयुष्यातला चौथा. उत्तम बसला. संध्याकाळी वॉर्डात गेले तेव्हा आजी नातवाशी बोलत होत्या. "बाळ, पाय माझा वाटतच नाही," म्हणाल्या. मी पेपरवर 'वेदना : ०' लिहिलं आणि समाधानाने होस्टेलवर गेले.

रात्री दोनच्या सुमाराला ब्लॉक उतरला. हळूहळू नाही, एकदम. पॅरासिटामॉल मी 'गरज पडल्यास' असं लिहून ठेवलं होतं. आजींच्या पिढीतली बाई रात्री दोनला सिस्टरना उठवून 'मला गरज पडली' असं म्हणत नाही. ती दात आवळून पडून राहते. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनी आवाज दिला तेव्हा कुणीतरी ट्रामाडॉल हे जास्त जोराचं वेदनाशामक दिलं. उलट्या झाल्या, आणि पहाटे आजी सुनेलाच ओळखेनात. गोंधळ दोन दिवस टिकला. दोन दिवस त्यांना उभं करता आलं नाही. माझा ब्लॉक मात्र लॉगबुकात 'यशस्वी' म्हणून नोंदलेला होता.

बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा एकदाच दिलेला ब्लॉक साधारण ८ ते १६ तास चालतो. सकाळी अकराला दिला तर तो कधी उतरणार याचा हिशोब तुम्हीच करा. वॉर्डात माणसं सगळ्यात कमी असतात नेमकी तीच वेळ येते. म्हणून ब्लॉक उतरण्याआधीच बाकीची औषधं शरीरात हवीत. पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे, दर ६ तासांनी, वजन आणि लिव्हर बघून. ५० किलोच्या वरच्या माणसाला एका वेळी १ ग्रॅम, त्याखाली किलोमागे १५ मिलिग्रॅम. डायक्लोफेनॅक लिहिण्याआधी क्रिएटिनिन बघा. या वयात किडनी आधीच थकलेली असते, त्यात दोन दिवस उपाशी ठेवलेला पेशंट. आणि पेपरवर 'ब्लॉक अंदाजे अमुक वाजता उतरेल' असं ठळक लिहा, खाली स्वतःचा मोबाईल नंबर. मी त्या रात्रीपासून हे चुकवलेलं नाही.

आता ब्लॉककडे. खुब्याच्या सांध्याला एकच नर्व्ह पुरवठा करत नाही, सगळी अडचण तिथूनच सुरू होते. सांध्याच्या आवरणाचा पुढचा भाग फीमोरल, ऑब्च्युरेटर आणि असली तर अ‍ॅक्सेसरी ऑब्च्युरेटर यांच्या फांद्यांकडे. मागचा भाग सायटिक, क्वाड्रेटस फीमोरिसची नर्व्ह आणि सुपीरियर ग्लूटियल यांच्याकडे. वेदना नेणारे तंतू पुढच्या भागात जास्त, म्हणून आपले ब्लॉक पुढून दिले जातात. ज्या त्वचेवर सर्जन चीर देतो तिचा मालक तिसराच. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लॅटरल फीमोरल क्युटेनियस, आणि चीर वर नितंबाकडे गेली तर तिथे आणखी वेगळ्या नर्व्ह. हे चित्र डोक्यात पक्कं असेल तर पुढचं सगळं सोपं. मी ते होस्टेलच्या भिंतीवर स्वतः काढून लावलं होतं. पुस्तकातली आकृती नुसती बघून ते डोक्यात बसत नाही, हाताने काढावं लागतं.

विनी यांनी १९७३ साली जांघेतल्या एका इंजेक्शनने तीन नर्व्ह बधिर करण्याची पद्धत मांडली. ऑब्च्युरेटर तिच्यात बहुतेक वेळा सुटते, हे पुढे कळलं. १९८९ मध्ये दालेन्स यांनी लहान मुलांसाठी फॅशिया इलियाका ब्लॉक वर्णन केला. आजही ज्या हॉस्पिटलात सोनोग्राफी नाही तिथे तोच हाताशी असतो. पुढचं वरचं इलियाक टोक आणि प्युबिक ट्युबरकल यांना जोडणाऱ्या रेषेचे तीन भाग करा, बाहेरचा आणि मधला भाग जुळतात तिथून एक सेंटिमीटर खाली या, बोथट टोकाची सुई घ्या, दोन 'पॉप' मोजा. पहिला फॅशिया लाटाचा, दुसरा फॅशिया इलियाकाचा. पहिले दहा ब्लॉक तुम्हाला दुसरा पॉप जाणवणार नाही किंवा नसलेला जाणवेल. घाबरू नका, पण औषधाला जोर लावावा लागत असेल तर थांबा. २०११ मध्ये हेबार्ड यांनी इंग्वायनल लिगामेंटच्या वरून सोनोग्राफीने द्यायची पद्धत सांगितली. औषध लंबर प्लेक्ससच्या (कमरेतल्या नर्व्हच्या जाळ्याच्या) दिशेने वर सरकतं आणि लॅटरल क्युटेनियस जास्त खात्रीने सापडते. सोनोग्राफी असेल तर मी हीच पद्धत निवडते.

मग २०१८ मध्ये पेंग (PENG) ब्लॉक आला, खुब्याच्या आवरणाच्या नर्व्हसाठीचा. पुढचं खालचं इलियाक टोक आणि इलिओप्युबिक उंचवटा यांच्यामध्ये हाडावर सोआसचं टेंडन बसलेलं दिसतं. टेंडन आणि हाड यांच्यामध्ये साधारण २० मिली औषध ठेवायचं. सोनोग्राफीचा वक्र प्रोब लागतो, सुई बाहेरून आत. औषध जाताना टेंडन हाडावरून उचललं गेलं तर जागा बरोबर. सांध्याच्या पुढच्या आवरणाच्या फांद्या बधिर होतात, मांडीची ताकद बहुतांशी शाबूत राहते. बहुतांशी हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. औषध जास्त गेलं, किंवा सुई वरच्या थरात राहिली, तर ते फीमोरलपर्यंत पोचतं आणि गुडघा दुबळा होतो.

'मॅडम, यातला चांगला कुठला?' हा प्रश्न दरवर्षी येतो. मी उलट विचारते : कुठलं ऑपरेशन, आणि उद्या सकाळी हा माणूस काय करणार? मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर, बायपोलर, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करायचंय, तर पेंग आणि जोडीला चिरेच्या त्वचेची सोय. ट्रोकॅन्टरच्या (त्या मानेखालच्या उंचवट्याच्या) भागातलं फ्रॅक्चर, पीएफएन (हाडाच्या आतली सळई) घातलाय, खाली मांडीत स्क्रूही आहेत, तर नुसत्या पेंगवर माझा भरवसा नाही. मोडलेली जागा आवरणाच्या बाहेर असते, तिथे मी फॅशिया इलियाका देते आणि फिजिओथेरपिस्टला आधी सांगते. न सांगण्याची किंमत मी पाहिली आहे. दुसऱ्या वर्षी एका आजोबांना सकाळी उभं केलं आणि गुडघा खाली गेला. फिजिओच्या हातांनी त्यांना धरलं म्हणून ते पडले नाहीत. 'पाय बधिर आहे, गुडघा तपासल्याशिवाय उभं करू नये' हे एक वाक्य मी पेपरवर लिहिलं नव्हतं. तपासणी सोपी आहे. झोपल्या जागी गुडघा सरळ करून टाच गादीवरून उचलायला सांगा. उचलली नाही तर उभं करायचं नाही.

पेशंट कुठल्या शब्दात दुखणं सांगतो ते कान देऊन ऐका. शून्य ते दहा आकडे आपल्या वॉर्डातल्या आजींना फारसे उपयोगी पडत नाहीत, "दहा म्हणजे किती गं?" असं त्या विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. पण 'चरचरतं' म्हणाल्या तर बहुतेक टाक्यांची त्वचा. हलवल्यावर 'कळ येते' म्हणाल्या तर सांधा किंवा आखडलेले स्नायू. पडल्या पडल्या 'ठणका' असेल तर सूज, ड्रेसिंग, कधी आत साठलेलं रक्त. तेव्हा पट्टी बघा, नाडी बघा, ऑर्थोला बोलवा. 'गुडघा दुखतो' म्हणाल्या आणि गुडघ्याला काहीच झालेलं नसेल, तर ऑब्च्युरेटर आठवा. हे माझे अनुभवाचे आडाखे आहेत, पण त्यांनी मला बऱ्याचदा योग्य जागी नेलं. आणि दुखणं नेहमी हालचालीत विचारा. शांत पडलेला पेशंट शून्यच सांगतो. बेडपॅन देताना मावशींना विचारा, खरं उत्तर त्यांच्याकडे असतं.

ब्लॉक कधी द्यायचा? जमलं तर ऑपरेशनच्या आधी, स्पायनलच्याही आधी. मोडलेल्या खुब्यावर माणसाला कुशीवर वळवणं किंवा बसवणं ही त्याच्या सगळ्या मुक्कामातली सर्वांत वाईट पाच मिनिटं असतात. ब्लॉक देऊन २०-३० मिनिटं थांबलं, तर तोच माणूस आधार घेऊन बसतो, पाठ वाकवतो, आणि तुमची स्पायनलही पहिल्या प्रयत्नात जाते. लिस्ट लांबते म्हणून सर्जन कुरकुरतात. मागचा पेशंट टेबलवर असतानाच प्री-ऑप खोलीत ब्लॉक द्या, कुरकुर थांबते. फक्त तिथे मॉनिटर, ऑक्सिजन आणि शिरेत लाईन हवीच.

औषधाचा हिशोब मात्र कागदावर करा, डोक्यात नको. ४५ किलोच्या आजी. बुपिव्हाकेनची मर्यादा मी किलोमागे २ मिलिग्रॅम धरते, म्हणजे ९०. फॅशिया इलियाकाला ४० मिली हवं म्हणून ०.२५ टक्क्याचं भरलं तर झाले १०० मिलिग्रॅम, मर्यादेच्या वर. ३० मिली भरलं तर ७५. स्पायनलचे हेवी (०.५ टक्क्याचं जड द्रावण) २ मिली म्हणजे आणखी १०. एकूण ८५. आणि मग टाके घालताना सर्जन प्रेमाने २० मिली जखमेत सोडतात, ते आणखी ५०. हे तिसरं इंजेक्शन सगळे विसरतात. टाइम-आउटलाच (चीर देण्याआधी सगळे थांबून खात्री करतात तेव्हा) सर्जनना सांगा की कोटा संपलाय. वय झालेलं, हृदय किंवा लिव्हर कमजोर असेल तर मर्यादा आणखी खाली आणा.

या औषधाची विषबाधा मी एकदाच पाहिली, दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये. पेशंट म्हणाला तोंडात लोखंडासारखी चव येतेय, ओठ जड झालेत, आणि मग झटका आला. त्या दिवशी २० टक्के लिपिड इमल्शनची (या विषबाधेवरच्या स्निग्ध द्रावाची) बाटली कुठल्या कपाटात आहे हे एका सिस्टरना माहीत होतं, म्हणून तो माणूस घरी गेला. किलोमागे १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, म्हणजे ४५ किलोला जवळपास ६८ मिली, मग किलोमागे मिनिटाला ०.२५ मिली. हृदय थांबलं तर अ‍ॅड्रिनलिन नेहमीपेक्षा बरंच कमी, किलोमागे १ मायक्रोग्रॅमपर्यंत. प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून ते लिपिडच्या जागी चालत नाही. ड्युटीच्या पहिल्याच दिवशी ते कपाट स्वतः उघडून बघा आणि बाटलीवरची तारीख वाचा.

बाजू चुकणं. वाचताना अशक्य वाटतं. पण चादर ओढलेली, पेशंट कुशीवर, फोन वाजतोय, सीनियर घाई करतायत, अशा वेळी घडतं. त्वचेत सुई शिरण्याच्या क्षणी हात थांबवा, सहकाऱ्याला मोठ्याने बाजू विचारा, सर्जनची खूण डोळ्यांनी बघा, पेशंटला विचारा. ब्रिटनमध्ये यासाठी 'स्टॉप बिफोर यू ब्लॉक' अशी मोहीमच चालवली गेली.

सोनोग्राफी मशीनबद्दल एक गोष्ट बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलांना तर सांगावीच लागते. आपण नर्व्ह बघत असलो तरी ते मशीन गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतं. ते नोंदलेलं असावं लागतं. 'वरच्या मजल्यावर एक केस आहे' म्हणून मनाने हलवायचं नाही. विभागात कागदपत्रं कोण बघतं ते विचारून घ्या.

हात कसा बसवायचा? सुई हातात येण्याआधी महिनाभर नुसता प्रोब धरा. एकमेकांच्या जांघेवर फीमोरल शोधा : बाहेरून आत नर्व्ह, आर्टरी, व्हेन. दाब दिला की व्हेन चपटी होते, आर्टरी होत नाही. सुईचं टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही, हा एकच नियम मी कडकपणे पाळायला लावते.

पहिल्या आजींनंतर साधारण वर्षाने तसंच फ्रॅक्चर असलेल्या दुसऱ्या आजी आल्या. पेंग, त्वचेसाठी थोडं औषध, घड्याळाप्रमाणे पॅरासिटामॉल, पेपरवर वेळ आणि माझा नंबर. रात्री साडेदहाला जाऊन बघून आले. पावणेदोनला फोन वाजला तेव्हा मी धावत निघायच्या तयारीत होते. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, अकरा नंबरच्या आजी जाग्या आहेत. दुखत नाही म्हणतायत. पण तुम्ही दोन वाजता दुखेल असं सांगून गेलात ना, म्हणून झोप येत नाहीये त्यांना. जरा बोलता का?"

मी फोनवर बोलले. तेव्हापासून मी 'दोन वाजता दुखेल' असं सांगत नाही. 'रात्री पायाला जाग येईल, तेव्हा आम्ही जवळ असू' असं सांगते.