गेममध्ये मंदी दाखवायचीय? नुसतं उत्पन्न कमी करू नका
बरेच जण मंदीचा इव्हेंट टाकतात आणि ५ वर्षं सगळ्यांचं उत्पन्न सरसकट ३०% कमी करतात, पण खरी मंदी अशी येतच नाही, ती साखळीने पसरते. १९२९ ला अमेरिकेत शेअर बाजार पडला, पण खरा घात बँका बुडाल्यावर झाला, कर्ज मिळेना, कारखाने बंद, भाव पडले आणि भाव पडले की जुनं कर्ज अजून जड होतं, हा लूप कोडमध्ये हवाच. शिवाय सुवर्णमान (म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधून ठेवणं) सोडायचा निर्णय खेळाडूच्या हातात द्या. ब्रिटनने १९३१ ला सोडलं आणि लवकर सावरलं, फ्रान्स १९३६ पर्यंत धरून बसला. आयातकर वाढवला तर बाकीचे देशपण वाढवणार, हेही टाका.