अंधारातली बाटली आधी लावा

मी पीएचडीला नेमकं काय करते, हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आजीला समजवायचं म्हणजे पंचाईत. शेवटी अनारसा मदतीला आला. "आजी, अनारशाला जाळी पडते ना, तशी जाळीदार पावडर बनवते. तिच्यावर उजेड टाकला की रिॲक्शन होते."

"उजेड नसला तर होत नाही?"

"नाही," मी ठोकून दिलं. तोवर तपासलं नव्हतं.

ही जाळी दीड-दोन नॅनोमीटरची आणि आखल्यासारखी नेमकी. अशा पदार्थांना सीओएफ (कोव्हेलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क) म्हणतात. पहिले सीओएफ रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी यांच्या गटाने २००५ मध्ये जाहीर केले. उकळत्या पाण्यात आणि ॲसिडमध्ये टिकणारे २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) आले. निळ्या उजेडात यांच्यातला इलेक्ट्रॉन वर उडतो, हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो आणि ऑक्सिडेशन सुरू होतं. रुथेनियम-इरिडियमची संयुगंही असली कामं करतात, पण ती महाग, शिवाय द्रावणात विरघळून बसतात. आमची पावडर सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसते. धुवा, परत वापरा.

बनवायची रीत वाचायला सोपी. काचेच्या नळीत दोन घटक, डायॉक्सेन, मेसिटिलीन, थोडं ॲसेटिक ॲसिड. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, पंपाने हवा ओढायची, वितळू द्यायचं, असं तीनदा. मग ज्योतीवर नळी सील करून १२० अंशांवर तीन दिवस. माझ्या पहिल्या चार नळ्या सील करतानाच तडकल्या. पाचवीतून पिवळी पावडर निघाली, तीही थंडीत स्पॅच्युलावरून टुणकन उडून हातमोज्याला चिकटायची. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीत, ५ अंशांच्या अलीकडे जाळी नीट जमल्याची खूण असलेलं शिखर दिसलं त्या दिवशी लॅबला सेव-उसळ माझ्याकडून.

पुढे नोव्हेनागेल रिॲक्शन लावली, म्हणजे बेन्झाल्डिहाइडला दुसरा रेणू जोडायची. निळ्या एलईडीखाली सहा तासांत जवळजवळ सगळं बेन्झाल्डिहाइड संपलं. आलेख रंगवून मीटिंगला गेले, तर सीनियरने एकच विचारलं, "अंधारात लावलीस?" आजीचाच प्रश्न! बाटलीला फॉइल गुंडाळून लावली. तीही तेवढीच झाली. पावडरमधल्या नायट्रोजनचा अल्कधर्मी गुण आणि एलईडीची ऊब एवढ्यावर काम भागत होतं, उजेड नुसता शोभेला. आठ महिने गेले.

म्हणून नव्याने येणाऱ्यांनो, चांगला आकडा आला की आधी फॉइलची बाटली लावा, तीही त्याच तापमानाला. पंखा लावा, थर्मामीटर बाटलीच्या आत बुडवा. मग पावडरीशिवाय एक, हवेऐवजी नायट्रोजनखाली एक. पावडर सुझुकी कपलिंगने, म्हणजे पॅलेडियम वापरून घटक जोडत, केली असेल तर आत अडकलेलं पॅलेडियमही मोजून घ्या. श्रेय कधीकधी त्याचंच असतं. आता मी बेन्झिलअमाइनचं ऑक्सिडेशन करते. फॉइलच्या बाटलीत ते जागचं हलत नाही.

पैशांचं थोडक्यात: नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. गाइड निवडताना मात्र बीईटीचं (पावडरीच्या आतलं पृष्ठफळ मोजायचं) मशीन आपलं आहे की दुसरीकडे रांग लावावी लागते, हे जरूर विचारा.

आणि अशा कामाला 'हरित' म्हणताना जरा जपून. अर्धा ग्रॅम पावडर सॉक्सलेट या धुण्याच्या उपकरणात धुवायला मी लिटरभर टीएचएफ आणि मिथेनॉल हे सॉल्व्हंट घालवते. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या कारखान्यात काम केलेले काका ते ऐकून हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे आधी सॉल्व्हंट परत किती मिळतो ते विचारतात, रिॲक्शनचं नंतर." सध्या मी पाण्यात बनणाऱ्या सीओएफच्या मागे आहे. शिखर अजून बुटकंच येतंय.